पाणी का पीत नाही ते आधी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मनावरच्या झाकणाबद्दल जो पानभर लेख आला होता त्यावर लिहितेय. लेखाचा पहिला अर्धा भाग मला आवडला, आपल्याकडे मनाच्या दुखण्यावर कुणी सरळ बोलत नाही आणि लेखिकेने ते सोप्या भाषेत मांडलंय, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण पुढे पुढे काय झालं, सासूसमोर तोंड न उघडणारी सून, साहेबापुढे मान खाली घालणारी कर्मचारी, कॉलेजात आडनाव सांगताना अडखळणारा मुलगा, आणि लहानपणीची एखादी भयंकर गोष्ट खरोखरच आठवत नसलेला माणूस, या सगळ्यांना एकाच रांगेत उभं केलं आणि सगळ्यांना उपाय एकच, की आत दाबून ठेवलेलं बाहेर काढा, मोकळे व्हा, समुपदेशकाकडे जा. इथे मला थांबावंसं वाटलं. कारण या रांगेतल्या पहिल्या तिघांना आपल्याला काय होतंय ते पक्कं माहीत असतं. सून का गप्प आहे हे सुनेला विचारा, ती अर्धा तास बोलेल, फक्त सासू घरात नको. चौथ्याची गोष्ट वेगळी. त्याला तुम्ही बंद खोलीत, कुणी ऐकत नसताना विचारलंत तरी तो सांगू शकणार नाही, कारण त्याचं त्यालाच ठाऊक नाही. पहिली दडपशाही आहे, बाहेरून झालेली. दुसरं मनाने आतल्या आत केलेलं दमन. दोन्हीत माणूस गप्पच दिसतो म्हणून दोन्ही एकच समजायचं हे काही बरोबर नाही.

मी मानसशास्त्राची नाही, एका निमसरकारी ऑफिसातून सीनियर क्लार्क म्हणून रिटायर झाले, पण वाचायची खोड आहे. तर या विषयावर दोन गोष्टी सांगते, दोन्ही पाण्याच्याच आहेत.

पहिली व्हिएन्नाची. १८८०-८१ च्या सुमाराला डॉक्टर ब्रॉयर यांच्याकडे एक विशीतली श्रीमंत घरची मुलगी उपचाराला होती. मानसशास्त्राच्या पुस्तकांत ती अ‍ॅना ओ. या टोपणनावाने येते. तिला बऱ्याच तक्रारी होत्या, त्यातली एक अशी की ऐन उन्हाळ्यात तिला पाणीच पिता येईना. तहान लागायची, ग्लास हातात घ्यायची, ओठांना लागला की ढकलून द्यायची. का, ते तिला स्वतःला सांगता येत नव्हतं. असे साधारण सहा आठवडे तिने कलिंगडासारख्या फळांवर काढले. मग एकदा संमोहनात असताना ती तिच्या इंग्लिश सोबतिणीबद्दल कुरकुरायला लागली आणि बोलता बोलता निघालं की या बाईच्या खोलीत तिचा कुत्रा ग्लासातून पाणी पिताना हिने पाहिला होता, तिला भयंकर किळस आली होती पण सभ्यपणा म्हणून ती एक शब्द बोलली नव्हती. तो सगळा राग ओकून झाल्यावर तिने पाणी मागितलं, भरपूर प्यायली, आणि शुद्धीवर आली तेव्हा ग्लास ओठाला होता. ब्रॉयर आणि मनोविश्लेषणाचा पाया घालणारे फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये ही केस छापली. आता पुढच्या अभ्यासकांनी दाखवलंय की ती काही इतकी ठणठणीत बरी झाली नव्हती, ब्रॉयरांचे उपचार संपले त्याच वर्षी तिला सॅनेटोरियममध्ये ठेवावं लागलं होतं, त्यामुळे ही चमत्काराची गोष्ट म्हणून मी सांगत नाही. पण नमुना म्हणून घ्या. घरात पाणी आहे, ग्लास हातात आहे, कुणी अडवत नाहीये, आणि तरी घोट घशाखाली जात नाही, वर कारण विचारलं तर कारण माहीत नाही. याला मनाचं दमन म्हणायचं.

दुसरी गोष्ट महाडची. माझं माहेर त्याच बाजूचं म्हणून ती मी लहानपणापासून ऐकलेली, अर्थात ज्यांनी ऐकवायला हवी होती त्यांच्याकडून नाही, पण ते पुढे येईलच. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात तिथले सदस्य सी. के. बोले यांचा ठराव पास झाला की सरकारी खर्चातल्या विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर सगळं ओके. तरी पुढची तीन वर्षं तिथे एकाही दलिताने ओंजळ भरली नाही. आता आपल्या पुरवणीतला लेख या लोकांना लावून बघा. म्हणाल का, की ठराव झालाय, तळं खुलं आहे, मग तुम्ही पाणी का पीत नाही, तुमच्याच मनात अडथळा आहे, मोकळे व्हा?

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसं रांगेने तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली तेव्हा मनात अडथळा होता की अजून कुठे हे लगेच दिसलं. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवून परत निघालेल्या लोकांना काठ्यांनी झोडपलं, जेवत असलेल्यांना ताटावरून उठवून मारलं. नंतर तळं बाटलं म्हणून १०८ घागरी पाणी उपसून, शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून, मंत्र म्हणून शुद्ध केलं गेलं. ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरला तर सवर्ण लोक कोर्टात गेले, तळं खाजगी आहे म्हणाले आणि मनाईहुकूम आणला. निकाल लागून हायकोर्टाने तळं खुलं असल्याचं मान्य करेपर्यंत १९३७ चा मार्च उजाडला. दहा वर्षं. या सगळ्यात तहानलेल्या माणसाला आपण पाणी का पीत नाही हे एका क्षणालाही न समजल्यासारखं नव्हतं. त्याला मारणाऱ्याचं नाव, आडनाव, आळी सगळं माहीत होतं.

तिथे पाणी पिता येत नाही, इथेही पाणी पिता येत नाही. व्हिएन्नाच्या मुलीला महाडचा उपाय केला, मोर्चा काढून दिला, तर काही होणार नाही. आणि महाडच्या माणसाला व्हिएन्नाचा उपाय म्हणजे कोचावर पाडून लहानपणी काय झालं ते सांग म्हणणं हा तर शुद्ध अपमान आहे. अजून एक फरक, जो मला क्लार्क असल्यामुळे जास्त दिसतो, दडपशाहीचा कागद सापडतो. ठराव, मनाईहुकूम, साक्षीदार, फिर्याद, पोलिसांची डायरी. दमनाचा कागद नसतो, तिथे नुसता अंदाज असतो आणि अंदाज करणारा तज्ज्ञ चुकूही शकतो, अमेरिकेत १९८०-९० च्या काळात थेरपिस्टांनी लोकांना न घडलेल्या गोष्टी 'आठवून' दिल्या आणि त्यावरून घरंच्या घरं फुटली, कोर्टकज्जे झाले. म्हणून जिथे कागद आहे तिथे तरी अंदाजाच्या मागे लागू नये इतकंच.

आता हे जुनं झालं म्हणाल, तर माझ्या नोकरीतलं सांगते. आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, बायका चाळीसेक, लेडीज टॉयलेट एक. त्याची कडी तुटलेली, त्यामुळे जाताना मैत्रिणीला दाराशी उभं करायचं. सकाळी अकरानंतर नळाला पाणी नाही. आणि कहर म्हणजे बाहेरच्या कुलपाची किल्ली हेडक्लार्कच्या ड्रॉवरमध्ये, ते पुरुष, म्हणजे दर वेळी त्यांच्या टेबलासमोर उभं राहून किल्ली मागायची आणि आसपासच्या चार टेबलांवरचे लोक घड्याळाकडे बघणार. यावर आम्ही सगळ्यांनी न ठरवता एकच उपाय शोधला होता, पाणी प्यायचंच नाही. सकाळी घरून निघताना अर्धा कप चहा, त्यानंतर थेट संध्याकाळी घरी. डब्यात ताक, कोशिंबीर, कलिंगड असलं काही आणायचं नाही. उन्हाळ्यात लघवीला जळजळ, वरचेवर इन्फेक्शन, निम्म्या जणींच्या पर्समध्ये त्याच गोळ्यांची स्ट्रिप. दोनदा लेखी अर्ज दिला, उत्तर आलं नाही.

आणि मग एक दिवस परिपत्रक आलं, महिला कर्मचाऱ्यांसाठी तणावमुक्ती कार्यशाळा, उपस्थिती सक्तीची. एक छान साडी नेसलेल्या बाई आल्या, त्यांनी डोळे मिटायला लावले, दीर्घ श्वास घ्यायला लावला, आपल्या आत काय काय साठलंय ते फुग्यात फुंका म्हणाल्या, आम्ही आपले फुंकले. प्रत्येकीच्या पुढ्यात पाण्याची सीलबंद बाटली ठेवलेली होती. स्क्रीनवर शेवटी टिप्स होत्या त्यातली पहिलीच, दिवसाला तीन लिटर पाणी प्या. मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग ते हसू असं पसरलं की बाईंना वाटलं कार्यक्रम फारच रंगलाय. कार्यक्रम संपला तेव्हा चाळीसही बाटल्या न उघडलेल्या, सगळ्या जणींनी त्या घरी नेल्या. फीडबॅक फॉर्मवर आम्ही 'उत्तम' लिहिलं. ते का लिहिलं, तर त्यावर नाव लिहायचं होतं आणि फॉर्म हेडक्लार्क गोळा करत होते.

आता सांगा, आमच्या मनात काय दबलेलं होतं? काहीच नाही. सगळं वर, ओठावर होतं. पुढे वर्षभराने एक नव्या अधिकारी बाई बदलून आल्या, त्यांना स्वतःलाच जावं लागलं, त्यांनी त्याच आठवड्यात कडी बसवली, टाकीला मोटर लावली आणि किल्ली आमच्याकडे दिली. पुढच्या सोमवारी टेबलावर पाण्याच्या बाटल्या दिसायला लागल्या. कुणाचंही मन उघडावं लागलं नाही. मुंबईत बायकांनी २०११ पासून राइट टू पी म्हणजे लघवीला जायच्या हक्काची चळवळ चालवली तेव्हा काही लोकांना त्या नावाचंच हसू आलं होतं, मला नाही आलं.

हे जे आहे ना, बाहेरची अडचण उचलून माणसाच्या डोक्यात नेऊन ठेवायची, हे नवीन नाही. १८५१ साली अमेरिकेत कार्टराइट नावाच्या डॉक्टरने गुलाम मालकाकडून पळून का जातात याचं निदान केलं होतं, की हा एक मानसिक आजार आहे, ड्रेपटोमेनिया, आणि त्यावर उपाय चाबूक. आपले आजचे कार्यशाळावाले अर्थातच भले लोक आहेत, त्यांची तुलना मी त्याच्याशी करत नाही, पण रोग कुठे शोधायचा ही चूक त्याच जातीची आहे. फ्रांझ फॅनन हे मानसोपचारतज्ज्ञ १९५३ पासून फ्रेंचांच्या ताब्यातल्या अल्जेरियात सरकारी मनोरुग्णालयात होते, १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला तो याच कारणाने, की माणसाला स्वतःच्या देशात परकं करून ठेवणारी व्यवस्था चालू ठेवून त्याला परकेपणाच्या आजारातून बरं कसं करणार. इतक्या मोठ्या तज्ज्ञाने खुर्ची सोडली, आमच्या साडीवाल्या बाईंनी निदान टॉयलेटकडे एक चक्कर तरी मारायला हवी होती.

आता लेखात विधवांबद्दल जे आहे त्यावर. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी-मंगळसूत्र काढणं बंद असा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारनेही इतर ग्रामपंचायतींनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. फार मोठी गोष्ट झाली. लेखिका म्हणतात ठराव झाले तरी बायका कुंकू लावत नाहीत, म्हणजे आता बंधन मनातच आहे. असं सरसकट कसं म्हणता येईल? आमच्या सोसायटीत संक्रांतीला सगळ्यांना बोलावून हळदीकुंकू केलं, माझी चुलत जाऊ माझ्याकडेच राहायला आलेली होती, तिचा नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. तिच्यापुढे कुयरी धरली तर तिने हात जोडून नको म्हटलं. झालं, सगळ्या जणी हळहळल्या, बघा किती खोलवर रुजलंय, माइंडसेट बदलायला हवा. रात्री भांडी आवरताना ती मला म्हणाली, "वहिनी, मी लावीन हो, मला काय त्याचं. पण इथे कुणीतरी फोटो काढणार, ग्रुपवर टाकणार, तो गावाला जाणार. सातबाऱ्याला माझं नाव अजून चढलेलं नाही. भाऊजी सही करतो करतो म्हणतायत, त्यांना निमित्तच हवंय." हे मनाचं दमन आहे? हा तर चोख हिशोब आहे, तलाठी ऑफिसच्या वारसनोंदीचा. तिची नोंद झाल्यावर ती कुंकू लावेल किंवा नाही लावणार, तो तिचा प्रश्न, पण नोंद व्हायच्या आधी तिच्या मनाबद्दल आपण काही बोलूच नये.

याच संदर्भात मला १८९० च्या सुमाराचा नाभिकांचा संप आठवतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिक एकत्र आले आणि आम्ही यापुढे विधवांचं केशवपन करणार नाही म्हणाले. किती सरळ विचार बघा, वस्तरा कुणाच्या हातात आहे, आमच्या ना, मग आम्ही तो ठेवतो खाली. त्या पोरीबाळींना कुणी आधी तुमची मानसिकता बदला म्हटलं नाही.

मग दमन खरं नसतंच का? असतं की. फक्त ते मला दडपलेल्यांपेक्षा दडपणाऱ्यांत जास्त दिसलंय. वर म्हटलं ना, महाडची गोष्ट ज्यांनी सांगायला हवी होती त्यांनी सांगितली नाही. आमच्या माहेरच्या घरी पडवीतल्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असायचा, निळ्या रेघांचा. भात झोडायला जे काका यायचे त्यांना त्यात चहा, वरून ओतायचा, आणि पिऊन झाला की त्यांनीच तो विसळून पालथा घालायचा. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, तो कप हातात घेतला म्हणून पाठीत धपाटाही खाल्लाय. पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या मुलीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी माझ्या आत्याला विचारलं, तर आत्या म्हणाली, "छे गं, आपल्याकडे असलं काही नव्हतं, सगळे घरच्यासारखे होते." मी कपाची आठवण करून दिली तर ती माझ्याकडे बघतच राहिली, "कुठला कप?" ती खोटं बोलत नव्हती हो. तिला मी आयुष्यभर ओळखते, खोटं बोलताना तिचं नाक हलतं. तिला खरंच आठवत नव्हतं, आणि तो धपाटा तिनेच घातलेला होता. त्या काकांचा मुलगा आता बँकेत आहे, त्याला त्या कपाच्या रेघांचा रंगसुद्धा आठवतो. ज्याला प्यायला लागलं त्याच्या मनात सगळं लख्ख, आणि जिने ओतलं तिच्या मनातून कप गायब. समुपदेशनाची गरज कुणाला आहे? एखादा मानसशास्त्रज्ञ म्हणेल की हे पुस्तकातलं दमन नाही, नुसतं सोयीचं विसरणं आहे, म्हणू दे, मला तरी व्हिएन्नाच्या त्या ग्लासाच्या जवळचं हेच वाटतं.

आणि दडपशाही पिढ्यान् पिढ्या चालली की ती आतही उतरते हे मी नाकारत नाही. बाबासाहेबांना ते पुरतं ठाऊक होतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडलाच त्यांनी बायकांची वेगळी सभा घेतली आणि त्यांना सांगितलं की लुगडं नेसायची पद्धत बदला, हातातल्या गोटपाटल्यांचा जो ठसा आहे तो काढून टाका, तुम्हाला बघून जात कळता कामा नये. हे आतलंच काम आहे, मनावरचं. पण हे ते तळ्यावर जाऊन आल्यानंतर सांगतायत, तळ्याचा दावा कोर्टात चालू असताना. तळ्याचं सोडा, आधी लुगडं नीट नेसा असं ते म्हणाले नाहीत.

व्हिएन्नाच्या त्या मुलीचं पुढे काय झालं ते लेखात यायला हवं होतं, कारण लेखिकेने फ्रॉइडचा उल्लेख केलाय. तिचं खरं नाव बेर्था पापेनहाइम. ती जर्मनीत गेली, ज्यू बायकांची संघटना तिने १९०४ मध्ये उभी केली, मुली विकणाऱ्या दलालांविरुद्ध लढली, पूर्व युरोपात फिरली, निराधार मुली आणि कुमारी मातांसाठी तिने आश्रम काढला. आपल्या आजारपणाबद्दल ती पुढे चकार शब्द बोलली नाही. पण विकल्या गेलेल्या मुलींना तिने कोचावर झोपवलं नाही, त्यांना राहायला घर दिलं, कामधंदा शिकवला. दोन्हीतला फरक तिला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत असणार.

शेवटी एक विनंती, ती मात्र छापाच. आपल्या पुरवणीत वाचकांच्या प्रश्नांना तज्ज्ञ उत्तरं देतात. त्यांनी उत्तर लिहायच्या आधी एक प्रश्न उलट विचारावा, की बाई, हे तू उघड बोललीस तर तुझं काय जाईल? ती जर भडाभडा यादी सांगायला लागली, घर जाईल, पगार जाईल, पोरं हिसकावून घेतील, सातबारा जाईल, तर तिचं डोकं शाबूत आहे, तिला वकील लागेल. आणि ती जर म्हणाली काहीच जाणार नाही, कुणी अडवतही नाही, पण का कोण जाणे जमतच नाही, तर जरूर तज्ज्ञाकडे पाठवा. काहींना दोन्ही लागतील. लेखाच्या खाली चौकटीत आपण मानसिक आरोग्याचा टेलिमानसचा १४४१६ हा नंबर दिला होता तो चांगलंच केलंत, पुढच्या वेळी त्याच चौकटीत मोफत कायदेशीर मदतीचा १५१०० पण द्या, आणि तेवढ्याच मोठ्या टायपात.

आपली,
एक रिटायर्ड क्लार्क, पनवेल